बेचा पाढा

रिफाच्या या बंगल्यात रीमचं जेवण माझ्याकडे.
रीम म्हणजे कुत्री, सडपातळ, लांब पायांची,
पळाली की वाळूलाही कळत नाही पाय कधी टेकला.
मॅडम म्हणतात, शिजवायचं नाही, कच्चंच.
तिच्या खापरपणज्या वाळवंटात काय चुली मांडायच्या?

मी मान डोलावतो.
मी सुप्याच्या खाटकाचा मुलगा,
कच्च्या मांसाशी माझी ओळख मॅडमच्या आधीची.

आठवडी बाजारात तात्या तरटाच्या सावलीत बसायचे.
सावली सरकली की सरकायचे,
स्वतःसाठी नाही, मालासाठी.
म्हणायचे, मटण कुणाचं ऐकत नाही,
उन्हाचं मात्र लगेच ऐकतं.
धंद्याचे कपडे उंबऱ्याबाहेर उतरायचे.
पाळणा होता त्या खोलीत
सुरी कधी आली नाही.

इथलं ऊन पंचेचाळीसचं.
शिहाब पाकिटं घेऊन येतो,
वाटेत त्याचा एक चहा,
कोझिकोडला बायकोला एक फोन,
तोवर डिकीत बर्फ सुटलेला
आणि पिशवीच्या कोपऱ्यात गुलाबी पाणी.
मी बोट लावतो. बोटाला कळतं.
मॅडम म्हणतात, परत फ्रीझरमध्ये टाक,
थंडीत सगळं मरतं.
मरत नाही, झोपतं,
हे मला हिंदीत नीट सांगता आलं नाही,
अरबीत तर कुठलं.

हमूद दहा महिन्यांचा.
रांगत सुटला की सरळ रीमच्या ताटाशी.
ती त्याचं तोंड चाटते,
सगळे मोबाइल काढतात,
मी फडकं काढतो.

मग एका रात्री ताप.
लंगोटात रक्ताची रेघ.
चार दिवस इस्पितळात.
डॉक्टरांनी जंतूचं नाव सांगितलं,
बंदरात लागलेल्या परक्या बोटीसारखं लांबलचक,
आणि घरी आल्यावर सगळ्यांनी
पाहिलं माझ्या हातांकडे.

दुसऱ्या दिवशी शिहाबने मला तपासणीला नेलं.
झाकणाची एक छोटी डबी दिली हातात.
नखं दाखवली मी, उलटी सुलटी,
शाळेत गुरुजींना दाखवायचो तशी,
फक्त आता मिशीत पांढरे केस होते.
तीन दिवस स्वयंपाकघर बंद मला.
रीमचं मांस मॅडमनी स्वतः कापलं,
काकडी चिरायच्या त्याच पाटावर,
आणि मग पाट नुसता पुसला.
मी माझ्या खोलीच्या खिडकीतून पाहत होतो.
काच होती मध्ये.
काच नसती तरी बोललो असतो का, ठाऊक नाही.

रिपोर्ट आला. माझ्यात काही नाही.
रीमच्या ताटाला कुणी डबी दिली नव्हती.

माफी वगैरे कुणी मागितली नाही.
एका सकाळी ओट्यावर एक नवा पाट होता,
लालभडक, प्लास्टिकचा, किमतीची चिठ्ठी तशीच.
तो कुणी ठेवला, मी विचारलं नाही.
तेव्हापासून लाल पाट फक्त रीमचा.
पाकिटाला ऊन लागलं असेल तर कचऱ्यात,
मग ते कितीही दिनारचं असो.
मॅडम बघतात, काही म्हणत नाहीत.
ताट उचललं की उकळतं पाणी,
आणि ती जेवताना हमूद दाराच्या आडणीपलीकडे.

रीम माझा हात चाटते.
तिच्या प्रेमात खोट नाही, जिभेचं सांगता येत नाही.
मी नळ सोडतो, साबण घेतो,
बे एके बे,
बे दुणे चार,
नखांत, बोटांच्या बेचक्यांत, मनगटापर्यंत,
बे दाहे वीस येईपर्यंत घाई नाही.
तात्यांना अक्षरओळख नव्हती.
एवढा एकच पाढा यायचा,
तोही हात धुतानाच म्हणायचे.

आडणीला धरून हमूद उभा राहायला लागलाय.
काल माझ्याकडे बघून म्हणाला, बे.
मॅडम हसल्या, त्यांना वाटलं
पोरगा शेळीचा आवाज काढतोय.